वहीतला तिसरा रकाना

आयुष्यात शिकलेला पहिला फ्रेंच शब्द कोणता, असे कुणी विचारले असते तर मी बेधडक ‘बोंजूर’ असे उत्तर दिले असते. आणि ते चुकीचे ठरले असते. तो शब्द मी शाळेत जाण्यापूर्वीच शिकले होते, तासगाव तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत. तात्यांच्या, म्हणजे वडिलांच्या, कमरेला कातडी म्यानात तो अडकवलेला असे आणि छाटणीच्या दिवसांत आम्हां मुलांना त्याला हात लावण्याची बंदी होती. ‘सिकेटर’. हा शब्द इंग्रजीतून आला असावा एवढीच माझी समजूत. पुढे फ्रान्सच्या पूर्वेकडे, झ्युरा भागातल्या आर्ब्वा या गावाजवळच्या एका मळ्यात, सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सात वाजता माझ्या हातात एक बादली आणि एक छोटी कात्री देऊन विहीणबाई म्हणाल्या, “सेकातर.” मी त्या कात्रीकडे पाहतच राहिले. तात्यांच्या तोंडी आयुष्यभर एक फ्रेंच शब्द होता, याचा त्यांना पत्ता नव्हता आणि मराठीची प्राध्यापक असलेल्या त्यांच्या मुलीलाही नव्हता.

विहीणबाई कोण, ते आधी सांगितले पाहिजे. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी २०१६ मध्ये द्राक्षवेल आणि वाइन यांच्या अभ्यासासाठी दिजोंच्या विद्यापीठात गेली. तिथून प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी आर्ब्वाजवळच्या एका वाइन करणाऱ्या कुटुंबात गेली आणि त्या कुटुंबातच राहिली. २०२२ च्या सप्टेंबरअखेरीस तिचे बाळंतपण होते. अक्काच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. तेव्हा मावशी या नात्याने मी निघाले. बिनपगारी रजा, नव्वद दिवसांचा व्हिसा, डिंक, हळीव आणि सुट्ट्यांमध्ये पुण्यात जाऊन शिकलेले जेमतेम फ्रेंच, एवढी शिदोरी. त्या फ्रेंचमध्ये मला कॉफी मागता येत होती आणि रेल्वे स्थानकाचा रस्ता विचारता येत होता. त्या घरात मला दोहोंचीही गरज पडली नाही. बाळ यायला अजून तीन-चार आठवडे होते, बागेत तोड सुरू झाली होती, आणि घरातले कुणीच बसलेले नव्हते.

द्राक्षतोडीला फ्रेंचमध्ये स्वतंत्र शब्द आहे, ‘व्हांदांज’. गव्हाच्या कापणीला तो चालत नाही. हे ऐकून मला मराठी माणसाचा सूक्ष्म अभिमान वाटला, कारण आपल्याकडेही ज्वारीची खुडणी होते, कापसाची वेचणी, भुईमुगाची काढणी आणि उसाची तोडणी. हा अभिमान मी भाचीकडून भाषांतर करवून जेवणाच्या टेबलावर मांडलाही. “मग द्राक्षाची?” असे जावईबापूंनी विचारले. मी अडले. तात्या काय म्हणायचे? ‘माल काढायचा’ म्हणायचे बहुधा. खात्री नव्हती.

त्या रात्री मी वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात फ्रेंच शब्द, दुसऱ्यात मला समजलेला अर्थ, तिसऱ्यात मराठी शब्द. पहिले दोन रकाने भराभर भरू लागले.

भरत होते ते पुस्तकातून नव्हे, चुकांतून. पहिल्याच दिवशी मी मोठ्या उत्साहाने सांगितले होते की आमचा तालुका ‘रेझँ’साठी प्रसिद्ध आहे. मनात अर्थात इंग्रजी शब्द आणि तासगावचे बेदाण्याचे सौदे. टेबलाभोवतीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि घरातले वृद्ध आजोबा म्हणाले, “आमचाही.” ‘रेझँ’ म्हणजे साधे द्राक्ष, बेदाणा म्हणजे ‘रेझँ सेक’, वाळलेले द्राक्ष. इंग्रजांनी फ्रेंचांकडून हा शब्द उचलला आणि वाळलेल्या फळाला ठेवून दिला. मग मी हातवारे करून बेदाण्याचे शेड, जाळीचे मजले, त्यांवर पसरलेले घड असे सगळे सांगितले. कितीसे पोहोचले कोण जाणे. आजोबा मात्र लक्ष देऊन ऐकत होते, याचे कारण मला महिनाभराने कळले.

बागेत ओळीच्या टोकाला उभा असलेला मुलगा “सो!” असे ओरडला की भरलेली बादली त्याच्याकडे द्यायची. ‘सो’ म्हणजे बादली. तिसऱ्या दिवशी भाचीने हसत हसत सांगितले की नेमक्या याच उच्चाराचे आणखी तीन शब्द आहेत. एकाचा अर्थ उडी, दुसऱ्याचा मोहोर म्हणजे शिक्का, आणि तिसऱ्याचा मूर्ख. त्यानंतर त्या मुलाने ‘सो’ म्हटले की तो मला कोणत्या अर्थाने हाक मारतो आहे, असा संशय येऊ लागला. तोड संपल्यावर तळघरातली पिंपे धुण्याचे काम आले. मोठ्या लाकडी पिंपाला ‘फूद्र’ म्हणतात. रात्रीच्या जेवणाला मी सांगितले, आज मी ‘ला फूद्र’ धुतले. जावईबापूंच्या घशात घास अडकला. पुल्लिंगी ‘ल फूद्र’ म्हणजे पिंप. स्त्रीलिंगी ‘ला फूद्र’ म्हणजे आकाशातली वीज. मी वीज धुतली होती. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या फक्त “ल” एवढेच म्हणाल्या आणि सूप वाढू लागल्या. वीस वर्षे मी वर्गात लिंगविचार शिकवते आहे. डबा आणि डबी, सुरा आणि सुरी या जोड्यांवरून आकार आणि लिंग यांचा संबंध फळ्यावर मांडते. त्या सर्व व्याख्यानांपेक्षा तो एक ‘ल’ माझ्या जास्त लक्षात राहिला.

नात्यांच्या शब्दांनी तर गंमत केली. आजीला तिथे ‘मामी’ म्हणतात आणि आजोबांना ‘पापी’. एका माळकरी वारकऱ्याच्या मुलीने, जन्मभर वाइन करणाऱ्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना दिवसातून दहा वेळा ‘पापी’ म्हणून हाक मारायची! सुरुवातीला ओठ चावावा लागे. नंतर हसू येईनासे झाले. मावशी असो की आत्या, लहान मुलांच्या भाषेत ती ‘ताता’. बाळ जन्मले त्या दिवसापासून मला त्या घरात सर्वजण ताता म्हणू लागले. तात्या २०१८ मध्ये गेले. ही हाक ऐकून त्यांना काय वाटले असते, याचा मी अंदाज करू शकत नाही. नात वाइन शिकायला गेली तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, “द्राक्षाचंच हाय न्हवं?”

वाइनच्या चवीची जी प्रसिद्ध भाषा आहे, तिच्याविषयी वाचकांना उत्सुकता असेल. रंगाला वस्त्र म्हणणे, वासाला नाक म्हणणे, पेल्याच्या काचेवरून उतरणाऱ्या ओघळांना पाय किंवा अश्रू म्हणणे वगैरे. मला तिच्यात फारसा रस वाटला नाही. ती पाहुण्यांसाठी ठेवणीतली भाषा आहे. घरातली माणसे पिंपातला घोट घेऊन “बों” म्हणत, किंवा खांदे उडवून “बोफ” म्हणत, आणि पुढच्या पिंपाकडे जात. खरे शब्द कामाचे होते. ‘मार’ म्हणजे रस गाळून उरलेला चोथा, आणि त्यापासून गाळलेली दारूही. ‘ली’ म्हणजे पिंपाच्या तळाशी बसणारा गाळ. उच्चाराने तोच शब्द म्हणजे बिछाना. वाइन गाळावर झोपली आहे असे पापी म्हणत, तेव्हा हा विनोद आहे की वर्णन, ते मला आजही ठरवता आलेले नाही.

त्यांतला एक शब्द मात्र विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. ‘उये’. लाकडी पिंपातली वाइन लाकडातून हळूहळू उडून जाते. वर पोकळी राहिली तर हवा लागून ती बिघडते, म्हणून ठरावीक दिवसांनी पिंप काठोकाठ भरत राहायचे. या भरण्याला ‘उये’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी ‘अय’, म्हणजे डोळा आहे. पिंपाचे वरचे भोक म्हणजे त्याचा डोळा. डोळ्यापर्यंत भरणे म्हणजे उये. आर्ब्वाच्या भागाचे वैशिष्ट्य असे की तिथली सर्वांत नामांकित वाइन, ‘व्हँ झोन’ म्हणजे पिवळी वाइन, हा नियम मोडून होते. साव्हान्यँ जातीच्या द्राक्षाची वाइन पिंपात घालतात आणि वरून भरतच नाहीत. पोकळी वाढत जाते आणि वाइनच्या पृष्ठभागावर किण्वांचा एक पातळ थर धरतो. त्याला ‘व्वाल’ म्हणतात, म्हणजे पदर किंवा पडदा. (पुन्हा ‘ल’ आणि ‘ला’चा घोळ. ‘ला व्वाल’ म्हणजे जहाजाचे शीड.) त्या पडद्याखाली ती वर्षानुवर्षे राहते. लोक सहा वर्षे आणि तीन महिने असा हिशेब सांगतात. मग ती ६२ सेंटिलिटरच्या बुटक्या बाटलीत भरतात. का ६२? एका लिटरमधून एवढे उडून गेल्यावर जे उरते तेवढे, असे तिथे सांगतात. आंबण्याच्या क्रियेमागच्या सूक्ष्म जीवांचा शोध घेणारा लुई पाश्चर याच आर्ब्वात वाढला. वाइनवरचा त्याचा ग्रंथ १८६६ चा आहे आणि १८७४ मध्ये त्याने गावाजवळ एक द्राक्षमळा विकतही घेतला होता. न भरलेल्या, पडद्याआड ठेवलेल्या पिंपाचे रूपक करण्याचा मोह मलाही झाला. विहीणबाईंपुढे तसे काही बोलून पाहिले. त्या म्हणाल्या, “चारांतले एखादे पिंप बिघडून त्याचे व्हिनेगर होते, ताता.” मी गप्प बसले.

ऑक्टोबरमध्ये एके दिवशी पापींनी मला माळ्यावर नेले. छपराखालच्या अंधारात तारांवर घड टांगलेले होते आणि काही गवताच्या थरावर मांडलेले. ‘व्हँ द पाय’साठी, म्हणजे गवतावरच्या वाइनसाठी, द्राक्षे निदान सहा आठवडे अशी सुकवतात आणि मग थेंबभर दाट रस काढतात. वर पाऊल ठेवताच मी थबकले. तो वास बेदाण्याच्या शेडचा होता. तसाच, थोडा थंड. “तुमच्याकडे किती दिवस?” पापींनी विचारले. पहिल्या दिवशीचे माझे हातवारे त्यांनी लक्षात ठेवले होते. मी म्हणाले, पंधरा, फार तर वीस दिवस. ते बराच वेळ मान हलवत राहिले. उन्हाचा हेवा करणारा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

आणि तिसरा रकाना? तो कोराच होता. भाचीला वेलीसंबंधीचे सगळे शब्द फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत येत. मराठीत तिलाही येत नव्हते. ती पुण्यात वाढलेली. मला यायला हवे होते, कारण मी बागेत वाढले. पण बागेत वाढले म्हणजे बागेशेजारच्या घरात, पुस्तकासमोर वाढले. “तू हिकडं येऊ नको, अभ्यास कर,” हे तात्यांचे पालुपद होते. मुलीला फवारणीच्या वासापासून लांब ठेवणे हे त्यांचे मोठेपण होते आणि मी ते पुरेपूर वसूल केले. एम.ए.ला ग्रामीण साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत सर्वाधिक गुण मला होते.

शेवटी एका संध्याकाळी दादाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा. “दादा, डोळा फुटायच्या आधी फुगतो, त्याच्यावर पांढरी लव दिसते, त्याला आपण काय म्हणतो?”

“कापसला म्हनायचं. डोळं कापसल्यात. का गं?”

मी वही पाहत होते. पापींनी त्याच अवस्थेला म्हटले होते, ‘बुर्जों दां ल कोतों’, कापसातला डोळा. झ्युरात कापसाचे एक झाड नाही. दोन माणसांनी, एकमेकांचे नावही न ऐकता, एकाच लवेकडे पाहून एकच गोष्ट म्हटली होती.

मग मी रोज फोन करू लागले. पापी म्हणत, काडी ‘दोन डोळ्यांवर’ कापायची. दादा म्हणाला, “आपनबी तेच म्हनतो, दोन डोळं ठेवून मार.” पानाच्या कुशीत निघणाऱ्या जादा फुटीला फ्रेंचमध्ये ‘आंत्र-कर’ म्हणतात, दोन हृदयांमधली. दादा म्हणाला, “बगलफूट.” त्यांना जिथे हृदय दिसले तिथे आम्हांला काख दिसली! हिरवा मणी रंग धरू लागतो, मऊ पडतो, त्याला ते ‘व्हेरेझों’ म्हणतात. आमच्याकडे ‘मण्यात पाणी उतरले’. या वाक्प्रयोगापुढे फ्रेंच शब्द मला फिका वाटला आणि तसे मी जावईबापूंना सांगितलेही. ऑगस्टमध्ये काडी पिवळट होऊन पक्की होते, त्याला ते ‘ऊतमां’ म्हणतात, जणू ‘ऑगस्टणे’. इथे जुळणी संपली. आमच्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. वेलीला हिवाळी झोपच नाही, तर तिचा ऑगस्ट कुठला? “काडी तयार झाली म्हनायचं, बास,” दादा म्हणाला. आणि वसंतात कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकते, त्याला फ्रेंच शेतकरी ‘प्लर’, वेलीचे अश्रू म्हणतो, हे सांगितल्यावर तो हसला. “पानी गळतंय म्हनतो आपन. रडायचं काय त्यात?”

रकाना भरत गेला तसा एक प्रश्न मला छळू लागला. हे शब्द कुणी घडवले? बलुतेदारांच्या शब्दांसाठी मी विद्यार्थ्यांना त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’कडे पाठवते. ते पुस्तक १९१५ चे आहे. तासगावच्या बागा मात्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत फोफावल्या. म्हणजे ओलांडा, बाळी, पाकळी, बगलफूट, डोळे कापसणे ही सारी परिभाषा तात्यांच्या पिढीने, घरातल्याच जुन्या शब्दांना नव्या कामाला लावून, डोळ्यांदेखत तयार केली. विद्यापीठांच्या परिभाषा समित्यांवर मी दोनदा काम केले आहे. आम्ही तिथे ‘कलिका-स्फुटन’ वगैरे करत होतो.

आणि मग एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. बारा-तेरा वर्षांपूर्वी कवठेमहांकाळकडच्या एका मुलाने निबंधात लिहिले होते की आजारी आई घरी परत आली तेव्हा वडिलांचा चेहरा डोळे कापसल्यासारखा झाला. मी त्याखाली लाल शाईने रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते, ‘म्हणजे काय? अर्थहीन.’ दोन गुण कापले होते. त्याने येऊन विचारले नाही. विचारले असते तरी मी काय सांगणार होते? त्या वाक्यावर आज मला आख्खे व्याख्यान देता येईल. तो मुलगा कुठे आहे हे मला माहीत नाही.

नोव्हेंबरअखेर मी परतले. २०२३ च्या एप्रिलमध्ये दादाने खरड छाटणी केली नाही, बाग काढली. फुलोऱ्यात आलेल्या अवकाळी पावसाची काही वर्षे, औषधांचे बिल, न मिळालेला भाव. कारणे सर्वांना पाठ आहेत. दोन्ही एकरांत ऊस लावला, लोखंडी अँगल विकून टाकले. मला सांगितले ते सगळे झाल्यावर.

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी पुन्हा आर्ब्वाला गेले. एप्रिलचा तिसरा आठवडा उलटत होता. वेली त्या वर्षी लवकर फुटल्या होत्या आणि कोवळी फूट बोटभर झाली होती. रात्री तापमान शून्याखाली उतरले. त्या एप्रिलच्या दंवाने झ्युरातल्या बागांचे किती नुकसान केले, ते पुढे सर्व वर्तमानपत्रांत आले. आम्ही पाहिले ते सकाळी सातला. पापी काठी टेकत ओळीत शिरले, एक कोंब दोन बोटांत धरला आणि तो चुरला. “ग्रिये,” ते म्हणाले. भाजला. विहीणबाई पुढच्या ओळीत होत्या, मग त्यापुढच्या. कुणीच बोलत नव्हते. भाची मुलीला कडेवर घेऊन बांधावर उभी होती, आणि मुलगी नेहमीप्रमाणे “ताता, ताता” करत होती.

मी तिथूनच दादाला फोन केला. का केला ते सांगता येणार नाही. त्याने पहिला प्रश्न विचारला, “किती जळलं?” मी सांगितले, बहुतेक सगळे. मग तो म्हणाला, “जळल्या डोळ्याशेजारी बारका डोळा असतोय. त्यातनं फूट येतीया. पन घड न्हाई यायचा, बाळीच निघंल. म्हाताऱ्याला म्हनावं, वेल जगंल.”

भाचीने हे पापींना सांगितले. ते ‘कोंत्र-बुर्जों’ म्हणाले, हो, हो, म्हणाले, आणि फोनच्या दिशेने टोपी किंचित उचलली. दादाला ते दिसणे शक्य नव्हते.

“बाळीला त्यांच्यात काय म्हनत्यात?” त्याने विचारले. इतक्या फोनांत त्याने कधी काही विचारले नव्हते.

“फिलाज,” मी म्हणाले. “घडाचं सूत होतं, असं म्हणतात.”

“सूत,” तो म्हणाला. “बराबर हाय. सूतच व्हतंय त्याचं.” मग लाइट आली, उसाची मोटार चालू करायची आहे, असे म्हणून त्याने फोन ठेवला.